बहिणीला ८ वा महिना, बीपी १५०/१००. सिझर झालं तर भूल कोणती घ्यावी, कमरेतली की पूर्ण?

मेळघाटचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच इथं लिहून राहिलो, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी लहान बहीण, वय २२, पहिलटकरीण, ३३ वा आठवडा चालू आहे, सासर धारणीकडचं. मागच्या ९ तारखेच्या तपासणीत बीपी १५०/१०० निघालं, लघवीत प्रोटीन दोन प्लस, पाय तर सुजलेच पण आता बोटातली अंगठीही निघून नाही राहिली. बीपीची लॅबेटालॉलची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. डॉक्टर म्हणाले बीपी अजून चढलं तर मुदतीआधीच सिझर करावं लागेल आणि ते इथं नको, अमरावतीला डफरीनला, म्हणजे सरकारी स्त्री रुग्णालयात, करू. इथवर समजलं.

पण घरात आता भुलीवरून भांडण लागलंय. तिची सासू म्हणते कमरेत सुई अजिबात नको, जन्माची कंबर जाते, पूर्ण झोपवूनच करा. माझी आई म्हणते झोपवायचं नावच काढू नका. आईचं कारण असं की माझी मामी १४ वर्षांपूर्वी अशीच बीपी वाढून गेली. तिला घरीच झटके आले, जीप शोधून सेमाडोहच्या घाटातून नेलं, पोचायला मध्यरात्र झाली, तिथं भूल दिली अन् मामी उठलीच नाही. पोरगा वाचला, आता नववीत आहे. आमच्या घरात तेव्हापासून एकच, 'ती भुलेनं गेली'.

तर मला दोनच गोष्टी विचारायच्या. एक, अशा केसमध्ये कोणती भूल बरी आणि आपण मागू शकतो का. दुसरं, अमरावती दीडशेक किलोमीटर आहे, त्यापेक्षा भूलवाले डॉक्टर इकडंच बोलावून नाही होत का? पैशाचं बघू कसंतरी.

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे, मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात, १९ वर्षं झाली. अशा बायका (या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात) आमच्या टेबलावर रोज असतात, रोज म्हणजे अक्षरशः रोज.

तुमच्या आईचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. पूर्ण भूल म्हणजे घशात नळी टाकणं आलं. त्यासाठी जिभेच्या मुळाशी स्टीलचं पातं लावून जबडा उचलावा लागतो, आणि त्या एका ओढीनं धडधाकट माणसाचंही बीपी सर्रकन वर जातं. जिचं आधीच १७०/११५ आहे तिचं कुठवर जाईल विचार करा, मेंदूतली नस फुटण्याची खरी भीती त्या अर्ध्या मिनिटात असते. शिवाय तुम्ही अंगठी निघत नाही लिहिलंत ना, तसा घसाही आतून सुजतो, नळी जायची वाट अरुंद होते आणि जरा घासलं तरी रक्त येतं. मी अशा केसला नेहमीच्या नळीसोबत ६ नंबरची बारीक नळीही हाताशी काढून ठेवते. आणि गरोदर बाईचं पोट कधीच रिकामं धरायचं नसतं, उलटी फुप्फुसात जायची भीती वेगळीच.

म्हणून प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) बऱ्या असतील, रक्त गोठतंय नीट, आणि बाई शुद्धीवर आहे, तर कमरेतलीच. आम्ही शिकत होतो तेव्हा सिनिअर उलटं सांगायचे, की या पेशंटला कमरेतून दिलं तर बीपी धाडकन कोसळतं, पूर्ण भूलच द्या. नंतर अभ्यास झाले तेव्हा कळलं की नॉर्मल गरोदर बाईपेक्षा हिचं बीपी खाली पडण्याचं प्रमाण कमीच असतं. केपटाऊनच्या डॉक्टर डायर यांच्या टीमनं २००३ मध्ये याच पेशंटमध्ये दोन्ही भुली शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, आईला कमरेतली भूल सोसते हे त्यात दिसलं. आता बहुतेक ठिकाणी हेच करतात पण जुनी भीती काही डॉक्टरांच्याही डोक्यातून गेलेली नाही.

कंबर जन्माची जाते हे खोटं. टोचलेल्या जागी दोनचार दिवस ठणकतं, एवढंच. बाकी बाळ अंगावर घेऊन वाकून पाजणं, पोत्यागत पलंग आणि रक्त कमी, हे सगळं सुईच्या नावावर जातं. हां, डोकेदुखी होऊ शकते काहींना, उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की उतरते, बारीक सुई वापरली की कमी होते. पण तुमच्या बहिणीचं डोकं दुखलं तर 'सुईचं असेल' म्हणून घरी बसू नका, बीपीचं डोकंही असंच दुखतं. आधी बीपी मोजा.

मामीबद्दल इथं बसून मी काय सांगणार. पण झटके येऊन गेलेली, वाटेत कसलंच औषध न मिळालेली बाई जेव्हा टेबलावर येते तेव्हा मेंदूतला रक्तस्राव कधी कधी झटक्याच्या वेळीच होऊन गेलेला असतो, मग ती भुलीतून उठत नाही आणि नाव भुलीचं होतं. भूल कधीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही, चुका आम्ही बघितल्यात.

आणि एक, कोणती भूल ते 'मागू' नका, विचारा. बीपी १६०/११० च्या खाली आणलंय का, प्लेटलेट किती आणि रिपोर्ट किती वाजताचा, झटक्यांचं औषध चालू आहे का. ही तीन उत्तरं मिळाली की भूल कोणती हे आपोआप ठरतं.

दोनदा_आई

माझा अनुभव लिहिते कारण मला दोन्ही मिळाल्यात. पहिल्या वेळी बीपी होतं म्हणून ३४ व्या आठवड्यात सिझर. सकाळी प्लेटलेट १ लाख १० हजार, संध्याकाळी ५८ हजार!! नवरा म्हणायला लागला सकाळीच तर चांगला रिपोर्ट होता, लॅबवाल्याचं चुकलं असेल. भूलवाल्या मॅडमनी शांतपणे सांगितलं की या आजारात असंच होतं, आता कमरेत सुई घातली आणि आत रक्त साकळलं तर पाय कायमचे जाऊ शकतात, म्हणून पूर्ण भूल. एवढं आठवतं की तोंडावर मास्क धरला, खोल श्वास घ्या म्हणाले आणि एका सिस्टरनं गळ्यावर दोन बोटं दाबून धरली, मला वाटलं ही गळा का दाबतेय. मग एकदम रात्रच. घसा चार दिवस खरखरत होता, बाळ माझ्याआधी सगळ्या खानदानानं बघितलं याचा राग अजून आहे.

दुसऱ्या वेळी पहिल्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली होती, बीपी जरा वाढलं पण प्लेटलेट ठीक, कमरेतली भूल. रडणं ऐकलं लगेच. कंबर? पहिलीनंतर जास्त दुखली, जिच्यात सुईच नव्हती 😀

घाटाखालचा_एमओ

मी ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे, एमबीबीएस, आणि सरकारचं १८ आठवड्यांचं भुलीचं ट्रेनिंग केलेलं आहे. म्हणजे मी भूलतज्ज्ञ नाही, पण तालुक्यात रात्री दोन वाजता भूल देणारा मीच असतो. दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यावं असं वाटलं.

भूलवाला बोलावून होत नाही का? होतं. साध्या सिझरला मी स्वतः देतो. पण या पेशंटला भूल हा त्यातला एक तास आहे, पुढचे दोन दिवस कोण बघणार? लघवी किती झाली, फुप्फुसात पाणी भरतंय का, प्लेटलेट परत कधी करायच्या, रक्त लागलं तर कुठून आणायचं. आमच्याकडं रक्तपेढी नाही, साठवण केंद्र आहे त्यात कधी दोन पिशव्या, कधी शून्य. ३४ आठवड्यांचं बाळ निघालं तर त्याला ठेवायला जागा नाही. बाहेरून आलेले भूलवाले साहेब त्यांचं काम करून दुसऱ्या केसला जातात, त्यात त्यांचाही दोष नाही, एक माणूस आणि चार तालुके. म्हणून डॉक्टर अमरावती म्हणतायत तर ते हात झटकत नाहीयेत, उलट वेळेत सांगतायत.

पण रेफर म्हणजे नुसता कागद हातात देणं नाही. निघायच्या आधी झटक्यांचं इंजेक्शन पडलं पाहिजे, बीपी खाली आलं पाहिजे. शिरेतली औषधं नसली तरी अडत नाही, आपल्या नागपूरच्याच दोन सरकारी दवाखान्यांत २०१५ ते २०१७ मध्ये जवळपास ९०० बायकांवर अभ्यास झाला, तोंडानं द्यायच्या तीन साध्या गोळ्या, निफेडिपिन, लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा. ६ तासांत निफेडिपिननं शंभरातल्या ८४ जणींचं आणि बाकी दोन्हींनी पाऊणशेच्या वर बायकांचं बीपी आटोक्यात आलं, दुष्परिणाम न होता. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ ला आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येणाऱ्या गोळ्या आहेत या!

बाकी आमच्या ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, कथा सांगायची तर भुलीचं केटामाइन नेहमी असतं, बाकी औषधं असली तर असली. ऑक्सिमीटरचा चिमटा रबर बँड लावून चालवलाय. सांगायचंच झालं तर एवढं पुरे.

भूलवाली

@घाटाखालचा_एमओ सर, तुमच्या कामाला नमस्कार आहे आणि टोमणा नाही, पण केटामाइनचं इथं सांगून ठेवते कारण हा धागा बाकी एमओही वाचतील. एरवी ते गरिबाचं देवमाणूस औषध, श्वास चालू ठेवतं, पण बीपी वाढवतं, आणि या पेशंटला नेमकं तेच नकोय. आणि झटक्यांचं मॅगसल्फ चालू असेल तर स्नायू सैल करायचं व्हेक्युरोनियमसारखं औषध जास्त वेळ रेंगाळतं, बाई लवकर श्वास घेत नाही म्हणून घाबरू नका, घाईत नळीही काढू नका.

घाटाखालचा_एमओ

मॅडम माहीत आहे. माहीत असणं आणि कपाटात दुसरं काही असणं यात घाट आहे. म्हणूनच रेफर करतो ना.

लिलाँग्वे_रिटर्न

मी मूळचा सांगलीचा, भूलतज्ज्ञ, आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात दोन वर्षं काम करून आलोय. हे भांडण मला घरच्यासारखं वाटलं. तिकडं बहुतेक भुली डॉक्टर नव्हे तर क्लिनिकल ऑफिसर देतात. हात चांगले, काहींचे तर माझ्यापेक्षा चांगले, पण एकटे. वीज गेली की व्हेंटिलेटर बंद, एक जण पिशवी दाबत राहतो आणि दुसरा मोबाइलच्या उजेडात नाडी बघतो. झटके येऊन बेशुद्ध आलेली मुलगी आणि समोर फक्त केटामाइन, हे मी मोजायचं सोडून दिलं होतं.

आकडे लिहितो म्हणजे मेळघाटच्या दादालाही कळेल की भीती नेमकी कशाची धरायची. २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले अभ्यास एकत्र करून बघितले. सिझरनंतर गेलेल्या बायकांमध्ये साधारण दर सातांमागे एकीच्या मृत्यूत भुलीचा हात होता. पूर्ण भूल मिळालेल्यांमध्ये आई दगावण्याची शक्यता कमरेतल्या भुलीच्या तिपटीहून जास्त. आता यात मेख आहे, पूर्ण भूल मिळते कुणाला? जी आधीच झटक्यात आहे, रक्तस्रावात आहे, तिलाच. म्हणजे सगळं खापर भुलीवर फोडता येत नाही, पण सगळं आजारावर ढकलून मोकळंही होता येत नाही. २०१९ मध्ये आफ्रिकेतल्या २२ देशांचा अभ्यास आला, दर २०० सिझरमागे एक आई गेली, श्रीमंत देशांच्या जवळपास ५० पट. आपल्याकडं महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २०१८-२० ला लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७. आपण मलावी नाही. पण धारणीची बाई सरासरीत राहत नाही, ती धारणीत राहते.

तिथं सगळ्यात जास्त फरक कशानं पडलेला मी बघितला तर पिवळ्या रंगाचा एक छोटा ऑक्सिमीटर. बॅटरीवर चालतो, ऑक्सिजन खाली गेला की आवाजाचा सूर उतरतो, मान वळवून बघायलाही नको. लाइफबॉक्स नावाची संस्था देते, अमेरिकेतले सर्जन-लेखक अतुल गावंडे यांनी उभी केलेली, हो तेच, वडील यवतमाळकडच्या उटी गावचे. तुमच्या रबर बँडवरून आठवलं.

आणि @भूलवाली तुम्ही 'चुका बघितल्यात' लिहिलंत ते अर्धवट सोडू नका. रक्तस्राव थांबवायच्या ट्रॅनेक्सामिकची काचेची ॲम्प्यूल आणि कमरेतल्या औषधाची ॲम्प्यूल, काही कंपन्यांच्या दिसायला सारख्या, आणि चुकून ट्रॅनेक्सामिक कमरेत गेलं की जवळपास निम्मे पेशंट वाचत नाहीत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं यावर इशारा काढला. मी ती ट्रॉलीवर ठेवूच देत नाही, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्यानं होतं, खर्च शून्य.

लेबररूम_सिस्टर

डॉक्टर लोकांनी नातेवाइकाला घाबरवून सोडलंत 🙏 मी २६ वर्षं लेबर रूममध्ये आहे, आता मी सांगते भाऊ.

मॅगसल्फ म्हणतायत ना, ते बीपीचं नाही, झटक्यांचं. २००२ मध्ये ३३ देशांत दहा हजार बायकांवर बघितलं, झटके निम्म्याहून कमी झाले, आणि औषध किती स्वस्त! पहिला डोस म्हणजे ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५. एका ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे १४ ॲम्प्यूल फोडायच्या. रात्री अडीचला, बाई पलंगावर थडथडतेय, आणि बोटाला काच लागलीय, तरी मोजत जायचं. शिरेतून जाताना तिला अंगात आग ओतल्यासारखं वाटेल, तोंड लाल होईल, बहिणीला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. कुल्ल्यातलं खूप दुखतं, खोटं बोलणार नाही.

नंतर दर चार तासांनी पुढचा डोस, पण त्याआधी मी तीन गोष्टी बघते. गुडघ्याखाली छोट्या हातोडीनं टक् केलं की पाय उडतो का, लघवीच्या पिशवीत तासाला ३० मिली तरी आहे का, आणि श्वास मिनिटाला १६ तरी आहेत का. पाय उडायचा थांबला तर डोस नाही, कारण त्याच्यानंतर श्वासाचा नंबर असतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची ॲम्प्यूल पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीनं लावून ठेवते, शोधत बसायला नको. आमची हातोडी एकदा हरवली तर आठवडाभर तळहाताच्या कडेनं टक् केलं, चालतं.

आणि सलाईन. नातेवाईक मागं लागतात, 'बाटली लावा ना, अशक्त झाली.' या आजारात बाटल्या चढवल्या की पाणी फुप्फुसात जातं आणि बाई स्वतःच्याच पाण्यात बुडते. सिस्टरनं थेंब कमी ठेवलेत म्हणून चाक फिरवायला जाऊ नका!! मी एकाला हातावर चापट मारलेली आहे.

फाइलवर लाल पेनानं लिहून घ्या, मेथर्जिन नको. बाळंतीण झाल्यावर रक्त थांबायला देतात ते इंजेक्शन, बीपीवालीला देत नाहीत, बीपी भडकतं. ड्युटी बदलताना नेमकं हेच सांगायचं राहतं.

आणि बाळ झालं म्हणजे सुटलो नाही. झटके नंतरही येतात, बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी परत चढतं, म्हणजे नेमकं घरी जायची घाई होते तेव्हा. बारशाची घाई करू नका.

मेळघाटचा_पोट्टा

सगळ्यांचे खूप आभार, हे सगळं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आई मामीच्या भागावर आली तेव्हा उठून आत गेली, मग अर्ध्या तासानं येऊन म्हणाली परत वाच. सासूबाईंना 'दोनदा आई' ताईंचं कंबरेचं वाचून हसू आलं, तिथं गाडी जरा रुळावर आली.

बडनेऱ्याला आमची आत्या राहते. ३६ व्या आठवड्याला तिच्याकडं नेऊन ठेवू असं ठरवलंय, चालेल ना? आणि ऑपरेशनच्या दिवशी बीपीची गोळी उपाशीपोटी द्यायची की बंद करायची?

भूलवाली

३६ ला नाही, या आठवड्यातच न्या. हा आजार कॅलेंडर बघत नाही. आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डफरीनला दाखवून नाव घाला, रक्त आणि प्लेटलेट करून घ्या म्हणजे पुढं तुलना करायला हाताशी असेल. बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, घोटभर पाण्यासोबत घ्यायची ते तिथले डॉक्टर सांगतील, पण मुद्दाम विचारा, कारण 'उपाशी राहा' म्हटलं की घरचे गोळीही बंद करतात. डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढं अंधारी किंवा काजवे, छातीखाली उजव्या बाजूला दुखणं, दम लागणं, यातलं एकही झालं तर सकाळची वाट नाही, १०८ ला फोन.

घाटाखालचा_एमओ

आणि पैशाचं 'कसंतरी बघू' लिहिलंत ते सोडा. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, जेवण, नेणं-आणणं २०११ पासून मोफत आहे. कोणी बाहेरून औषध आणा म्हणालं तर चिठ्ठी लिहून मागा.

लेबररूम_सिस्टर

फाइल पिशवीत सगळ्यात वर ठेवा, साड्यांच्या खाली नको. आणि ती अंगठी आताच काढा, अजून सुजलं तर बोट निळं पडेल. साबण लावून बघा, नाही निघाली तर सोनाराकडं. नखांना नेलपॉलिश असेल तर पुसून टाका, डोहाळजेवणाला सगळ्या लावतात आणि मग ऑक्सिमीटर नीट दाखवत नाही, आमची धावपळ.

मेळघाटचा_पोट्टा

अंगठी साबणानं निघाली नाही, सोनारानं कापली. कापायचे पन्नास रुपये घेतले बाप्पा. नेलपॉलिश होतीच, लाल, पुसली. उद्या सकाळच्या एसटीनं नाही, गाडी सांगितलीय, आशाताई सोबत येऊन राहिल्या परतवाड्यापर्यंत.